भूक नसलेल्या पोटाचा उपवास: वजनाच्या ऑपरेशननंतर केटो सुरू केलेल्या ताईंचं प्रकरण

मी सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हे प्रकरण लिहायला ताईंनी आणि त्यांच्या घरच्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, नाव तर कुठेच घेतलेलं नाही. या लिखाणात त्या फक्त ‘ताई’. घडलेल्या गोष्टीत माझाही वाटा आहे आणि तो झाकून लिहिण्यात काही अर्थ नाही.

पार्श्वभूमी

ताई तासगाव भागातल्या. घरची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याची शेडही आहे. ऑपरेशन झालं तेव्हा वय ४३, उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन १०८ किलो. सहा वर्षांचा मधुमेह होता. गुडघे इतके दुखायचे की शेडमध्ये खाली बसून निवडणीला बसता येत नव्हतं. पुण्यात त्यांची स्लीव्ह सर्जरी झाली. या ऑपरेशनमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी निमुळती नळी उरते. जठर लहान होतं हे सगळ्यांना कळतं. फारसं कोणी सांगत नाही ते असं, की काढलेल्या भागातच भुकेचं घ्रेलिन हे हार्मोन सर्वांत जास्त तयार होतं. त्यामुळे पहिलं वर्षभर तरी बऱ्याच जणांना भूक अशी लागतच नाही. घड्याळ बघून जेवावं लागतं.

ताईंनी पहिलं वर्ष मन लावून सांभाळलं. आधी पातळ, मग मऊ, मग नेहमीचं जेवण. घासागणिक वीसदा चावणं. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानंतर घोट घोट. दर महिन्याला यायच्या, येताना वही घेऊन यायच्या. सोळाव्या महिन्यात काटा ७१ वर आला. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ५.७ झाला आणि मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या बंद झाल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर पावशेर हिरवा बेदाणा ठेवला होता.

पुढे येणं कमी होत गेलं. बरं वाटायला लागलेला माणूस दवाखान्यात कशाला येईल? मीही फोन केला नाही.

वजन परत का वाढलं

पावणेतीन वर्षांनी ताई पुन्हा समोर बसल्या तेव्हा वजन ७९.५ होतं. “मॅडम, घासभर जेवते ओ मी, तरी वाढतंय. नुसतं पाणी पिलं तरी वाढतंय.”

घासभर जेवत होत्या हे खरंच होतं. दुपारी अर्धी भाकरी, दोन चमचे भाजी. घोटाळा जेवणात नव्हताच. शेडमध्ये निवडणी चालू असताना हात आपोआप तोंडाकडे जायचा. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम बेदाण्यात पिष्ट आणि साखर मिळून २३-२४ ग्रॅम असते, आणि अशा मुठी दिवसात चार-पाच व्हायच्या. संध्याकाळी चहाबरोबर भडंग. लहान झालेल्या जठराला भाकरी-उसळ जड जाते, दोन घासांत छाती भरते. भडंग, खारी, बिस्किट, गोड चहा यांचं तसं नाही. ते विरघळून पटकन पुढे सरकतात, पोट भरल्याची खूण येतच नाही. स्लीव्हनंतर वजन परत येतं ते बहुतेक वेळा याच वाटेने. थोडं वजन परत येणं तर अपेक्षितच असतं. ताईंचे ३७ किलो उतरले होते, त्यातले साडेआठ आले होते. हे अपयश नव्हतं, पण त्यांना तसं वाटत होतं, आणि ते वाटणं मी हवं तितकं गांभीर्याने घेतलं नाही.

साखरही परतली होती. एचबीए१सी ७.४ निघालं. गावाकडच्या डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी चालू केली होती. मी विचारलं, “कोणती गोळी?” ताई म्हणाल्या, “शुगरची हो, साधीच हाय. एकच.” मी कागदावर ‘मधुमेहाची १ गोळी’ असं लिहिलं आणि पुढे गेले.

या ओळीकडे मी पुन्हा येणार आहे.

फोनवरचं ‘नको’

त्या भेटीनंतर दहा-बारा दिवसांनी ताईंचा फोन आला. पुतणीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. जाऊबाईंनी त्यांना व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये घातलं होतं. तिथे सगळ्या जणी केटो, म्हणजे भाकरी-भात-साखर जवळपास बंद करून तूप-पनीरवर भर देणारा आहार, करत होत्या आणि जोडीला अठरा तासांचा उपवास. “करू का मॅडम?”

माझ्यासमोर दुसरा पेशंट होता. मी म्हणाले, “अजिबात नको. ऑपरेशन झालेल्यांनी असलं काही करायचं नसतं.” फोन ठेवला. जेमतेम वीस सेकंदांचं बोलणं.

या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच, असं मी आज म्हणते. उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याला कारण जोडलेलं नव्हतं. ग्रुपवर मात्र ताईंना रोज कारणं मिळत होती, फोटो मिळत होते, कौतुक मिळत होतं. मी नुसतं दार लावून घेतलं. त्यांनी केटो सुरू केलं आणि मला सांगितलं नाही. नंतर म्हणाल्या, “तुम्ही रागावला असता.”

केटोबद्दल माझं सरसकट वाईट मत नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असलेल्या मुलांसाठी तो आजही वापरतात. दिवसाचं पिष्ट (कार्बोहायड्रेट, यात साखरही आली) २० ते ५० ग्रॅमच्या आत आणायचं, म्हणजे शरीर चरबी जाळून कीटोन तयार करतं आणि त्यावर चालतं. मधुमेही माणसाची साखर यात उतरते, हेही खरं. देखरेखीखाली काही जणांना तो चांगला मानवलेला मी पाहिला आहे. ताईंच्या बाबतीत प्रश्न केटोचा एकट्याचा नव्हता. चार गोष्टी एकावर एक चढत गेल्या आणि प्रत्येकीचा हिशेब वेगवेगळ्या माणसाकडे होता.

चार महिन्यांची वही

ती वही मी नंतर पाहिली. ताईंची सवय सुटली नव्हती, केटोचीही नोंद त्यांनी ठेवली होती. जून महिन्याचं पान असं: सकाळी तुपाची कॉफी. दुपारी साडेबाराला एका अंड्याचं ऑम्लेट आणि पनीरचे चार तुकडे. संध्याकाळी सहाला पनीर, मूठभर शेंगदाणे, वाटीभर ताक. पुढे दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत त्या कॉफीशिवाय काही नाही. पानाच्या खाली पेनने गोल करून लिहिलेलं, ‘७९.५ → ७६.३, पाच दिवसांत!!’

ते तीन किलो चरबीचे नव्हते. पिष्ट बंद केलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं, आणि त्याच्यासोबत बांधलेलं पाणी लघवीवाटे निघून जातं. सोबत मीठही जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात डोकं दुखतं, पायात गोळे येतात. ताईंच्या वहीत ‘पायात वांब’ असं तीनदा लिहिलेलं आहे.

मी त्या पानावरच्या प्रथिनांची बेरीज केली. तीस ग्रॅमच्या आसपास. वजनाच्या ऑपरेशननंतर कमीत कमी ६० ग्रॅम तरी पोटात जायला हवीत असं आम्ही धरून चालतो. साध्या माणसाचा केटो आणि स्लीव्ह झालेल्या माणसाचा केटो यातला फरक इथे दिसतो. तूप आणि पनीरमधलं स्निग्ध इतकं लवकर भरल्यासारखं करतं की प्रथिनांना जागाच उरत नाही. ‘भूक नसेल तर खाऊ नका’ असा ग्रुपवरचा नियम होता. ज्याचं भुकेचं हार्मोनच कापून काढलंय त्याने हा नियम पाळला तर तो खाणार कधी? त्यात जेवायची खिडकी सहा तासांची. लहान जठरात एका वेळी दीड-दोनशे मिलिलिटरपेक्षा जास्त मावत नाही. सहा तासांत साठ ग्रॅम प्रथिनं आणि दीड-दोन लिटर पाणी, दोन्ही बसवणं मला कागदावरही जमत नाही.

गोळ्यांचंही तेच झालं. ऑपरेशननंतरच्या मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. दिवसभर खाणं असलं की हे जमतं. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ व्हायची, म्हणून ताईंनी जुलैपासून त्या बंदच केल्या. सकाळची शुगरची गोळी मात्र चुकवली नाही.

ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच लॅबमध्ये जाऊन तपासणी केली. एचबीए१सी ६.४. वजन ७३. ग्रुपवर त्यांचा फोटो लागला. केस मूठ मूठ जात होते आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू घ्यावा लागत होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

घटस्थापना ते पंचमी

ताईंच्या घरी नवरात्र कडक असतं. नऊ दिवस उपवास, अनवाणी पाय, दिव्यापुढे रोजची माळ. दरवर्षी उपवासाला शाबूची खिचडी, वरी, बटाटा, रताळं असायचं. आपला पारंपरिक उपवास पिष्टाचाच असतो, त्यामुळे शरीराला इंधन मिळत राहतं. या वेळी ताईंनी विचार केला, की शाबू खाल्ला तर केटो मोडेल. धान्य उपवासाने बंद झालं, शाबू-वरी केटोने बंद झाली. अंडी नवरात्रात चालत नाहीत. उरलं काय? ताक, तुपाची कॉफी, थोडे शेंगदाणे, खोबरं. त्यात ओळखीच्या कुणी तरी सांगितलं, की एक वेळ खाल्लं तर आणखी चांगलं.

मी नंतर त्या चार दिवसांचा हिशेब मांडला. रोज जेमतेम दहा-बारा ग्रॅम प्रथिनं आणि फार तर पंधरा ग्रॅम पिष्ट.

चौथ्या माळेला मळमळ सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, पित्त झालंय. आलं-लिंबू दिलं. पाचव्या दिवशी, ललिता पंचमीला, सकाळपासून उलट्या. पोटात दुखत होतं. पतींनी घरच्या मशिनवर शुगर बघितली, १७१ आली. सगळ्यांना धीर आला, शुगर तर चांगली आहे. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन आणि एक सलाईन झालं. संध्याकाळी घरी आणलं. रात्री दहाच्या सुमारास ताईंना धाप लागली. खोल खोल, भराभर श्वास, धावून आल्यासारखा. गाडी काढून मिरजेला नेलं.

मिरजेत काय सापडलं

तिथे दोन शक्यता आधी पुढे आल्या. ऑपरेशन झालेलं पोट आहे, उलट्या आहेत, म्हणजे जठराची नळी कुठे तरी अरुंद झाली असेल. किंवा स्वादुपिंडाची सूज. दुर्बिणीची तपासणी सकाळी करायची असं ठरत होतं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांना मात्र तो श्वास खटकला. त्यांनी ताईंच्या पतींना विचारलं, “गोळ्या कोणत्या चालू आहेत? नावं नकोत, पाकिटं दाखवा.”

पाकिटं गाडीच्या डिकीत मेडिकलच्या पातळ पिशवीत होती. अर्धी वापरलेली पट्टी, मागच्या चंदेरी कागदावर बारीक अक्षरं. गोळी एकच, पण आत औषधं दोन: डॅपाग्लिफ्लोझिन १० आणि मेटफॉर्मिन ५००.

डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडांना साखर लघवीत सोडायला लावतं. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडांना त्याचा फायदा होतो. २०२० मध्ये भारतात त्याचं पेटंट संपल्यावर ते स्वस्त झालं आणि आज गावोगावच्या चिठ्ठ्यांवर दिसतं. ते चालू असताना जेवणातलं पिष्ट जवळपास शून्यावर आणलं, तर शरीर दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. साखर लघवीतून चाललेली, वरून येणारी बंद. रक्तातली साखर वाढत नाही, म्हणून इन्सुलिन कमी होतं. इन्सुलिन कमी झालं की चरबीतून कीटोन बेफाम तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. यालाच कीटोॲसिडोसिस म्हणतात. नेहमीच्या मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये साखर चारशे-पाचशे दिसते, त्यामुळे कुणाच्याही लक्षात येतं. इथे मशिन १७१ दाखवतं आणि घरचे निर्धास्त राहतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने या धोक्याचा इशारा २०१५ मध्येच दिला होता. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी हे औषध किमान तीन दिवस थांबवतात, ते याचसाठी. ऑपरेशनआधीच्या उपाशीपणाला जो नियम लागतो तोच नवरात्राच्या उपाशीपणाला लागतो, पण नवरात्राची चिठ्ठी कोण लिहितं?

रक्तवायूंची तपासणी झाली. पीएच ७.१४, बायकार्बोनेट ८, म्हणजे रक्त धोकादायक इतकं आम्लधर्मी झालेलं. लघवीत कीटोन भरपूर.

दुर्बीण बाजूला राहिली. आधी शिरेतून थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व दिलं गेलं. त्या डॉक्टरांचा हा दुसरा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. थायमिनचा साठा शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. ऑपरेशन झालेलं पोट, महिनोन्महिने कमी खाणं, गोळ्या बंद आणि वर उलट्या. अशा माणसाला थेट साखरेचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे फिरतात, चाल जाते, आठवण जाते. त्यानंतर द्रव, पोटॅशियमवर नजर, आणि इन्सुलिनसोबत साखरेचं सलाईन. पती गोंधळले होते. त्यांनी मला नंतर विचारलं, “शुगर १७१, मग इन्सुलिन कशाला? आणि इन्सुलिन द्यायचंच तर वर साखर कशाला?” मी सांगितलं, की इन्सुलिन साखर उतरवायला नव्हतं, कीटोनची भट्टी विझवायला होतं. आणि ते पुरेसं देता यावं, साखर खाली कोसळू नये, म्हणून सोबत साखर.

ताई सहाव्या दिवशी घरी आल्या. घरचे घट त्याआधीच उठले होते.

आता पुढे काय: समोरचे पर्याय

दिवाळीच्या आधी आम्ही सगळे बसलो. ताई, त्यांचे पती, मी, फोनवर पुण्याचे सर्जन, आणि मिरजेच्या फिजिशियनची चिठ्ठी समोर. रिपोर्ट असे: वजन ७२, हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (लोहाचा साठा) ९, बी१२ १६२, ड जीवनसत्त्व १४. वजन सोडलं तर सगळेच आकडे कमी. हाताची पकड मोजायच्या यंत्रावर १३ किलो. आशियाई बायकांमध्ये १८ च्या खाली पकड दुबळी धरतात. साडेसात किलो गेले होते, पण त्यात स्नायू किती गेला हे त्या १३ च्या आकड्यात दिसत होतं.

ताईंचा पहिला पर्याय मला अनपेक्षित होता. गोळी बंद झाली ना, मग उपवास सोडून नुसता केटो चालू ठेवू? त्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. साखर त्यानेच उतरली होती. सर्जन म्हणाले, प्रथिनं मोजून, जीवनसत्त्वं घेऊन, देखरेखीखाली विचार करता येईल. मी विरोध केला. शरीर आत्ता दुरुस्तीला लागलंय, त्याला बांधायला सामान हवं, आणि वीस ग्रॅम पिष्टाच्या मर्यादेत डाळ-उसळीच बाद होतात. आपल्या ताटातली बरीचशी प्रथिनं तिथूनच येतात. ताईंच्या घरी श्रावणात, नवरात्रात, चतुर्थीला अंडं-मटण नसतं. त्या दिवसांत केटो म्हणजे परत पनीर आणि तूप. यावर सर्जनांचं आणि माझं आजही पूर्ण एकमत नाही.

दुसरा पर्याय आठवड्याला एकदा घ्यायच्या वजनाच्या इंजेक्शनचा होता. पतींनी पेपरात वाचलं होतं. ती भूक आणखी मारतात. मुळात न खाण्यानेच आजारी पडलेल्या बाईला आत्ता ती नकोत, यावर फिजिशियन ठाम होते. पुढे गरज पडली तर बघू. स्लीव्हचं जठराच्या बायपासमध्ये रूपांतर करणाऱ्या, म्हणजे अन्नाची वाट आतड्यात पुढे वळवणाऱ्या, दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघाला आणि दोन मिनिटांत संपला. साडेआठ किलोंसाठी ते कुणालाच पटलं नाही.

उरला मधला मार्ग. पिष्ट कमी, पण बंद नाही. उपवास रात्रीचा, बारा तासांचा, त्याहून एक तासही जास्त नाही.

काय केलं

मधुमेहासाठी नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं. लोह शिरेतून, बी१२ इंजेक्शनने, ड जीवनसत्त्व वेगळं. मल्टिव्हिटॅमिन पुन्हा सुरू, पण न्याहरीनंतर.

जेवण पाच वेळा. सकाळी साडेसातला बिनसाखरेचं दूध, त्यात अर्धं माप व्हे, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची पावडर. दहाला अंडं. दुपारी आधी घट्ट उसळ, मग दही, आणि जागा उरली तर अर्धी ज्वारीची भाकरी. हा क्रम ताईंना जड गेला. भाकरी मोडल्याशिवाय जेवण सुरू झाल्यासारखं वाटत नाही, हे मला समजतं, माझंही तसंच आहे. चारला फुटाणे किंवा पनीर. सव्वासातला डाळ-अंडं किंवा चिकनचे चार तुकडे. प्रथिनं साठीच्या घरात, पिष्ट शंभर ग्रॅमच्या आसपास.

बेदाण्याचं काय करायचं यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘खाऊ नका’ म्हणून भागणार नव्हतं, घरच तिथे आहे. शेवटी ताईंनीच तोडगा काढला. निवडणीला बसताना तोंडाला रुमाल बांधायचा. शेडमधल्या बायका धुळीसाठी बांधतातच. हात तोंडाकडे गेला की रुमाल लागतो.

आणि व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणं, सुरुवातीला पाच वेळा. मग दोन्ही हातांत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या. चालणं त्या आधीपासून करत होत्याच, पण नुसत्या चालण्याने पकड येत नाही.

परिणाम

आज त्या पंचमीला जवळपास वर्ष होत आलं. वजन ७५. म्हणजे दवाखान्यातून आल्या त्यापेक्षा तीन किलो जास्त, आणि केटो सुरू करण्याआधीपेक्षा साडेचार किलो कमी. पकड २१. हिमोग्लोबिन ११.९. एचबीए१सी ६.६, केटोत होतं त्यापेक्षा किंचित जास्त. ताईंना तो ६.४ अजून आठवतो. पुतणीच्या लग्नात त्यांना हवी तशी साडी बसली नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं. मी ते हसण्यावारी नेलं नाही. माणूस वर्षानुवर्षं शरीरावरून बोलणी खातो, मग ऑपरेशन करतो, मग काटा परत चढताना बघतो. त्याच्यासाठी साडी ही छोटी गोष्ट नसते.

केस यायला लागलेत. जमिनीवरून उठताना आता हात टेकत नाहीत.

कुठे वेगळं वागता आलं असतं

त्या फोनवर मी दहा मिनिटं मागायला हवी होती. “आत्ता समोर पेशंट आहे, संध्याकाळी बोलू, तोवर सुरू करू नका,” एवढं जरी म्हटलं असतं तरी त्या थांबल्या असत्या असं मला वाटतं. ताईंनाही तसंच वाटतं, मी विचारलं आहे.

गोळीचं पाकीट मी बघायला हवं होतं. ‘मधुमेहाची १ गोळी’ हे माझ्याच अक्षरातलं वाक्य मी आजही त्या फाइलमध्ये ठेवलं आहे. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी फोनवरच सांगते, गोळ्यांची पिशवी घेऊन या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही निघालं की मी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवते, उपवासाच्या आणि आजारपणाच्या दिवसांत हे थांबवायचं का ते ठरवून द्या म्हणून. बंद-चालू करणं माझ्या हातात नाही, पण विचारणं आहे.

ऑपरेशनचे सर्जन पुण्यात, शुगरचे डॉक्टर गावात, मी सांगलीत. तिघांनीही आपापल्या परीने बरोबर केलं होतं, पण तिघांना एकमेकांची चिठ्ठी दिसत नव्हती. आता मी दोन ओळींचा कागद पेशंटच्याच हाती देते आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवायला सांगते. दोन वर्षं उलटलेल्यांना वर्षातून एकदा स्वतःहून फोन करते.

आणि माझ्या फॉर्ममध्ये उपवासाचा रकाना नव्हता. सांगली जिल्ह्यात काम करून नव्हता, याची मला खंत आहे. आता आहे: सोमवार, चतुर्थी, एकादशी, श्रावण, नवरात्र, रोजे, आणि प्रत्येकापुढे ‘त्या दिवशी नेमकं काय खाता’.

गेल्या आठवड्यात ताई सासूबाईंना घेऊन आल्या. या वर्षी उठता-बसता धरायचं ठरलंय, पहिल्या दिवशी आणि अष्टमीला. दोन्ही दिवशी दर तीन तासांनी काही तरी: व्हे घातलेलं दूध, दही, पनीर, दाण्याची घट्ट आमटी आणि सोबत थोडी वरी. सासूबाई म्हणाल्या, “मॅडम, मोठ्या अक्षरात लिवून द्या. करणारी मी हाय.” मी मार्कर घेऊन लिहिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, ‘तीन तासांनी’वर बोट ठेवून घड्याळातल्या वेळा विचारून घेतल्या आणि घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला.

घटस्थापनेला अजून बारा दिवस आहेत. पाचव्या माळेला सकाळी मी फोन करणार आहे, हे दोघींनाही सांगून ठेवलंय.